शाळेत मोठा खेळाडू येतोय, पण मुलांच्या हाती काय लागेल?

मॅडम, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातली माध्यमिक शाळा, आठवी ते दहावीची सुमारे चारशे मुलं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत धावलेल्या एक स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्यावरच्या उड्या असलेली लांब पल्ल्याची शर्यत) धावपटू जानेवारीत शाळेत यायला तयार आहेत आणि विषय ठरलाय अपयशातून सावरण्याचा. मागच्या वर्षी अशाच एका पाहुण्यांचं भाषण झालं, टाळ्या पडल्या, फोटो निघाले आणि आठवडाभरात मुलांना त्यातलं काही आठवेना. या वेळी तसं होऊ नये म्हणून कार्यक्रम कसा आखावा, मुलांना काय विचारू द्यावं, नंतर काय करावं आणि मानधनाचं कसं बोलावं, हे तुम्हाला हवंय.

मागच्या वर्षीचे पाहुणे वाईट बोलले असतील असं मला वाटत नाही. खेळाडूची गोष्ट आपल्याकडे बहुतेक वेळा दोन टोकांचीच सांगितली जाते. एका टोकाला गरिबी, अनवाणी पाय, शाळेपर्यंतची पायपीट. दुसऱ्या टोकाला तिरंगा आणि पदक. मध्ये 'खूप मेहनत घेतली' एवढं एक वाक्य. सहामाहीत गणितात नापास झालेल्या नववीच्या मुलाला या दोन्ही टोकांचा काही उपयोग नाही. त्याला मधलं हवं असतं. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं, आधी कुणाशी बोललात, सराव पुन्हा कधी सुरू केला आणि त्यात नेमकं काय बदललं? हे कुणी विचारत नाही म्हणून खेळाडू सांगत नाहीत. विचारलं की बहुतेक जण फार मोकळेपणानं आणि बारकाव्यानं सांगतात.

अविनाश साबळे यांचं उदाहरण घ्या. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा धावपटू २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ८ मिनिटं १८.१२ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करूनही अंतिम फेरीत पोचला नाही. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० अशी वेळ देऊन रौप्य मिळालं, सुवर्ण पाच शतांश सेकंदांनी हुकलं. ऑगस्ट २०२३ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पुन्हा प्राथमिक फेरीतच बाहेर. त्यानंतर साधारण सहा आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पुढच्या वर्षी पॅरिसला ऑलिंपिकची अंतिम फेरी, तिथे अकरावा क्रमांक. शाळेतल्या भाषणात यातलं सुवर्ण येतं. मुलांनी विचारायला हवं ते बुडापेस्ट आणि हांगझोऊ यांच्या मधल्या सहा आठवड्यांबद्दल. तुमच्या पाहुण्यांच्या कारकिर्दीतही असे काही आठवडे असणारच. ते शोधून काढा आणि सगळा कार्यक्रम त्यांच्याभोवती बांधा. मला सांगायचं ते मुख्यतः एवढंच आहे, बाकीचं सगळं ते कसं साधायचं याबद्दल आहे.

याला आधारही आहे. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांमधल्या नववी-दहावीच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही मुलांना आइन्स्टाइन, मेरी क्युरी, फॅरेडे यांच्या यशाच्या गोष्टी वाचायला दिल्या आणि काहींना त्याच शास्त्रज्ञांच्या धडपडीच्या, अडचणींच्या. धडपडीच्या गोष्टी वाचलेल्या मुलांचे विज्ञानाचे गुण सुधारले, आणि त्यातही आधी मागे असलेल्यांना जास्त फायदा झाला. नुसतं यश ऐकलेल्यांना तसा फायदा झाला नाही. आदर्श व्यक्तींबद्दलच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसते. समोरच्याचं यश आपल्या आवाक्यातलं वाटलं तर माणूस उभारी घेतो, आवाक्याबाहेरचं वाटलं तर उलट खचतो. म्हणून ऑलिंपिकपटू मिळाला तरच कार्यक्रम चांगला होईल असं समजू नका. तुमच्याच तालुक्यातली, चार वर्षांपूर्वी शेजारच्या शाळेतून बाहेर पडलेली राज्य पातळीवरची कबड्डीपटू कधी कधी मुलांच्या जास्त जवळची ठरते. तुमच्या पाहुण्या ठरल्याच आहेत, पण शक्य असेल तर अशा एका स्थानिक खेळाडूलाही शेजारी बसवा. दोघींच्या बोलण्यातून मुलांना मधल्या पायऱ्या दिसतील.

आता तारीख. जानेवारी म्हणजे दहावीची पूर्वपरीक्षा आणि अनेक शाळांत स्नेहसंमेलन. हा कार्यक्रम स्नेहसंमेलनाला जोडू नका. मंडप, पालक, बक्षीस समारंभ आणि नाच यांच्यामध्ये अपयशाबद्दलचं शांत बोलणं टिकत नाही. पूर्वपरीक्षेच्या आदल्या आठवड्यातही नको, कारण दहावीची मुलं शरीरानं बसलेली असतात आणि मनानं भूमितीत. निकाल हातात आल्यानंतरचा आठवडा सगळ्यांत चांगला. तेव्हा विषय मुलांच्या अंगावर ताजा असतो.

पाहुण्यांशी किमान दोन आठवडे आधी अर्धा-पाऊण तास फोनवर बोला. हे काम संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर सोडू नका, जे शिक्षक प्रत्यक्ष मुलाखत घेणार आहेत त्यांनीच करावं. पाहुण्यांकडून तीन गोष्टी मागायच्या: एक विशिष्ट हार, शक्यतो तारीख आणि वेळेसकट, तिच्यानंतरचे दोन ते सहा आठवडे, आणि तेव्हा धरलेली एक सवय, जी चौदा वर्षांचं मूलही करू शकेल. 'प्रेरणादायी बोला' असं सांगितलं तर प्रत्येक पाहुणा तेच ठरलेलं भाषण करतो. 'बुडापेस्टनंतरच्या सोमवारी काय केलंत' इतकं नेमकं विचारलं तर वेगळंच बोलणं निघतं. मुलं कोण आहेत तेही त्यांना सांगा. किती जण ऊसतोड कामगारांच्या घरातले, किती वसतिगृहात राहतात, किती जणांच्या घरी नुकतंच काही वाईट घडलंय. नावं सांगायची नाहीत, चित्र द्यायचं. काय बोलायचं नाही याची त्यांचीही यादी असू शकते, दुखापत, निवडीचा वाद, घरातला मृत्यू अशी. ती विचारून घ्या आणि पाळा.

त्याच फोनवर व्यवस्थेच्या गोष्टी ठरवा. पाहुण्या अजून स्पर्धेत उतरत असतील आणि डोपिंगविरोधी (बंदी असलेल्या उत्तेजक द्रव्यांविरोधी) यंत्रणेच्या नोंदणीकृत चाचणी गटात असतील, तर त्यांना रोजचा एक तास आणि त्या तासाला आपण कुठे असू ते ठिकाण आधी कळवावं लागतं. त्या वेळी तिथे सापडल्या नाहीत तर चूक नोंदली जाते आणि बारा महिन्यांत अशा तीन नोंदी झाल्या तर तो डोपिंगचाच नियमभंग ठरतो. म्हणजे तुमचा कार्यक्रम दोन तास लांबला तर त्यांची नुसती गैरसोय होत नाही. सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ लेखी द्या आणि ती मोडू नका. लष्कर, रेल्वे, पोलीस अशा सेवेत असतील तर विभागाची परवानगी लागते. शाळेचं पत्र तीन-चार आठवडे आधी त्यांच्या हातात पडायला हवं, म्हणून तशा वेळी हा फोनही त्याआधीच करा. खाण्यापिण्याचा आग्रह करू नका. सीलबंद पाण्याची बाटली, केळी, आणि त्यांनी सांगितलं तरच जेवण. कुणी प्रेमानं आणलेला काढा किंवा चूर्ण हातात देऊ नये. त्यात काय आहे ते त्यांना माहीत नसतं आणि शरीरात गेलेल्या प्रत्येक पदार्थाची जबाबदारी खेळाडूची असते.

वेळेचा हिशेब मात्र नीट मांडायला हवा. आपल्याकडच्या कार्यक्रमाचा तास कुठे जातो ते बघा: दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचं मनोगत, प्रास्ताविक, आभार. साठापैकी चाळीस मिनिटं इथेच संपतात आणि उरलेल्या वीस मिनिटांत पाहुण्यांनी आयुष्य सांगायचं. सत्कार मुख्याध्यापकांच्या खोलीत पाहुण्या आल्या आल्या करा, संस्थेचे पदाधिकारी तिथेच भेटतील, फोटोही तिथेच. पदाधिकाऱ्यांना हे आधी नीट समजावून सांगावं लागतं, आयत्या वेळी सांगितलं तर ते दुखावतात. मैदानावरच्या स्वागताला पाच मिनिटं पुरतात. परिचय मुलांनी फळ्यावर किंवा भित्तिपत्रकावर आधीच लिहून ठेवावा, वाचून दाखवायची गरज नाही.

चारशे मुलांसमोर मनातलं बोलणं होत नाही, ना पाहुण्यांचं ना मुलांचं. म्हणून दोन भाग करा. पहिला भाग सगळ्यांसाठी, परिपाठाच्या वेळी, पंचवीस मिनिटांचा. यात भाषण नको, मुलाखत ठेवा. दोन खुर्च्या, दोन कॉर्डलेस माइक, मुलं सावलीत, आणि सूर्य मुलांच्या पाठीशी. तोंडावर ऊन आलं की दहाव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते. दुसरा भाग वर्गात, पस्तीस ते चाळीस मुलांच्या गटात, चाळीस मिनिटांचा. असे दोन गट एका सकाळी होतात. तिसरा करू नका. तिसऱ्या गटाला थकलेला पाहुणा मिळतो आणि तेच किस्से पाठ म्हटल्यासारखे येतात. गटात कोण बसणार हे ठरवताना फक्त खेळाडू आणि हुशार मुलं निवडायचा मोह होतो, तो टाळा. प्रत्येक तुकडीतून चिठ्ठ्या टाकून निवडा, आणि ज्यांना खरंच गरज आहे असं वर्गशिक्षकांना वाटतं अशी पाच-सहा मुलं गाजावाजा न करता त्यात घ्या. 'तू नापास झालास म्हणून तुला घेतलं' हे मुलाला कळता कामा नये.

प्रश्न दोन दिवस आधी चिठ्ठ्यांवर, नाव न लिहिता घ्या. ऐन वेळी माइक मुलांकडे फिरवला की धीट चार मुलं बोलतात आणि 'तुमचा आवडता खेळाडू कोण' यावर वेळ जातो. चारशे चिठ्ठ्यांमधून साधारण बारा प्रश्न निवडा, दोन शिक्षकांनी मिळून. कमाई, लग्न, जात आणि निवड समितीतल्या भानगडी या चिठ्ठ्या बाजूला काढा. ग्रेस गुणांचं काय, या प्रश्नाला क्रीडाशिक्षकांनी वेगळं उत्तर द्यावं, त्यासाठी पाहुण्यांचा वेळ नको. चांगला प्रश्न विशिष्ट वेळेबद्दल असतो: हरलात त्या रात्री झोप लागली का, आणि नसेल तर काय केलंत? आता सोडून द्यावं असं शेवटचं कधी वाटलं? प्रशिक्षक रागावले तेव्हा त्यातलं कोणतं खरं होतं आणि कोणतं नव्हतं हे कसं ठरवलंत? घरच्यांना हरल्याचं कसं सांगितलंत? हा शेवटचा प्रश्न मुलांच्या चिठ्ठ्यांमध्ये वेगवेगळ्या रूपांत हमखास येतो, कारण गुणपत्रिका घरी न्यायची भीती त्यामागे असते. तो घ्याच.

मदतीचा प्रश्नही नक्की ठेवा: त्या काळात तुम्हाला कुणी मदत केली आणि तुम्ही ती कशी मागितलीत? जिद्दीच्या गोष्टी एकट्या माणसाच्या म्हणून सांगितल्या जातात, तसं जवळजवळ कधीच नसतं. कुस्तीगीर खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेऊन आले, हे मुलांना माहीत असतं. दुसऱ्या वेळी त्यांना तिकडे पाठवण्यासाठी गावानं वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले, हेही त्याच गोष्टीत सांगायला हवं. सावरणाऱ्याच्या मागे कुणीतरी उभं असतं. हे कळलं तर मूल मदत मागायला लाजत नाही.

वाट बदलणं म्हणजे हार नव्हे, हेही मुलांना ऐकू द्या. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या येत होत्या. नंतर त्या स्टीपलचेसकडे वळल्या आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. 'कधीच सोडू नका' एवढंच ऐकलेल्या मुलाला न जमणारा विषय किंवा खेळ बदलणं हा पराभव वाटतो. काय धरून ठेवायचं आणि काय सोडायचं हे कसं ठरवलंत, असं पाहुण्यांना विचारा.

तुमच्या पाहुण्या स्टीपलचेसच्या असल्यामुळे मैदानावर दाखवण्यासारखं पुष्कळ आहे. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या असतात. महिलांच्या अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर, पुरुषांच्या अडथळ्याची ९१.४. हर्डल्सच्या शर्यतीतला अडथळा पाय लागला की पडतो, हा पडत नाही, त्याची वरची फळी जाड आणि घट्ट असते. बांबू आणि दोन स्टँड घेऊन ७६ सेंटिमीटरवर बांबू नुसता टेकवून ठेवा आणि मुलांना त्याच्या शेजारी उभं राहू द्या. थकलेल्या पायांनी पस्तीस वेळा हे पार करायचं, हे मग त्यांना आपोआप कळतं. खऱ्या घट्ट अडथळ्यावरून मुलांना उड्या मारू देऊ नका, आणि पाहुण्यांबरोबर शर्यतही लावू नका. शर्यतीत एक मूल जिंकतं किंवा पाहुण्या मुद्दाम हळू धावतात, आणि दोन्हींत विषय हरवतो.

त्यापेक्षा हरण्याचा अनुभव देणारा छोटा खेळ ठेवा, दुसऱ्या भागात वीस मिनिटांचा. चाळीस मुलांसाठी आठ बादल्या आणि सोळा टेनिस चेंडू पुरतात. पाच-पाच जणांचे गट. साधारण आठ मीटरवरून, हात खालून नेत, प्रत्येकानं पाच वेळा चेंडू बादलीत टाकायचा प्रयत्न करायचा आणि किती पडले ते वहीत लिहायचं. पाचातला एखादाच पडावा इतकं अंतर हवं. आधी दोन मुलांवर करून बघा आणि जास्त पडत असतील तर मागे सरका. सोपं झालं तर शिकण्यासारखं काही उरत नाही, अशक्य झालं तर मुलं चेष्टेवारी नेतात. पहिल्या फेरीनंतर एक मिनिट पूर्ण शांतता. त्या मिनिटात प्रत्येकानं एकच ओळ लिहायची, 'पुढच्या पाचात मी काय बदलणार'. मग दुसरी फेरी. पाहुण्यांनी नेम धरायला शिकवायचं नाही, त्या एका मिनिटावर बोलायचं. बहुतेक मुलं पहिल्या फेरीत चुकलेला चेंडू लगेच त्याच पद्धतीनं, फक्त जास्त जोरात पुन्हा टाकतात. अभ्यासातही तीच मुलं तेच उदाहरण त्याच चुकीच्या रीतीनं तीनदा सोडवतात. हा दुवा पाहुण्यांच्या तोंडून आला की फार चांगला बसतो.

नेमबाज पाहुणे असतील तर वेगळं करता येतं. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यातलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. ते कागदावर काढून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लावा. मग स्वप्नील कुसाळे यांची गोष्ट सांगा. सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊत अंतिम फेरीत ते आघाडीवर होते, एक गोळी ७.६ वर गेली आणि ते चौथे आले. पॅरिसला, १ ऑगस्ट २०२४ ला, पहिल्या दोन टप्प्यांनंतर ते पहिल्या तिघांत नव्हते. उभ्यानं नेम धरण्याच्या शेवटच्या टप्प्यात वर आले आणि ४५१.४ गुणांवर कांस्यपदक. एका वाईट गोळीनंतर पुढची गोळी कशी मारायची हा प्रश्न तोंडी परीक्षेत पहिलं उत्तर चुकलेल्या मुलाच्या थेट कामाचा आहे.

पाहुण्या महिला आहेत, तर फक्त मुलींसाठी पंधरा-वीस मिनिटं वेगळी ठेवाच. एक शिक्षिका सोबत असाव्यात, बाकी कुणी नको. पाळीच्या दिवसांत सराव कसा करता, धावताना कोणते कपडे घालता, घरून विरोध झाला तेव्हा काय केलंत, हे प्रश्न मुली सर्वांसमोर कधीच विचारत नाहीत. आठवी-नववीत मुली खेळ सोडतात त्याची कारणं याच प्रश्नांत असतात.

काही गोष्टी पाहुण्यांना आधीच सांगून टाळायला हव्यात. 'हाड मोडलं होतं तरी धावले', 'ताप असताना खेळले', 'दोन दिवस न जेवता वजन उतरवलं' अशा आठवणी खऱ्या असतात आणि टाळ्याही मिळवतात. पण वाढत्या वयाचं मूल त्यातून दुखणं लपवायला शिकतं. या वयात गुडघ्याखाली, टाचेला, नडगीला दुखणं फार आढळतं. एकाच जागी दुसऱ्या दिवशीही टिकणारं, लंगडायला लावणारं किंवा रात्री जाग आणणारं दुखणं असेल तर सराव थांबवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं, हे पाहुण्यांनी स्वतः म्हटलं तर मुलं ते ऐकतात. तसंच 'मनात आणलं तर काहीही शक्य आहे' हे वाक्य. तेवढीच मेहनत करून मागे राहिलेली शेकडो मुलं असतात. त्यांना यातून एवढंच ऐकू येतं की माझीच मेहनत कमी पडली. पाहुण्यांनी स्वतःच्या नशिबाचा आणि मिळालेल्या मदतीचा वाटा प्रामाणिकपणे सांगितला, तर त्यांच्या मेहनतीबद्दलचा आदर कमी होत नाही, उलट वाढतो.

दिव्यांग खेळाडू येणार असतील तर आणखी एक काळजी. मुलांना अपघात कसा झाला याचंच कुतूहल असतं आणि सगळी मुलाखत तिकडे ओढली जाते. दिव्यांग जलतरणपटू मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले हे सगळे सांगतात. १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण मिळवताना पाय साथ देत नसताना ते पोहायचे कसे, हे फारसं कुणी विचारत नाही. प्रश्न तंत्राचे आणि सरावाचे ठेवा. अपघाताबद्दल बोलायचं की नाही हे पाहुण्यांनी ठरवावं.

अपयशाबद्दल मोकळं बोलणं झालं की एखादं मूल नंतर येऊन घरातली मारहाण, छळ किंवा जगणं नको वाटतंय असं काही सांगू शकतं. याची तयारी आधी करा. कार्यक्रमानंतर तासभर कोणते दोन शिक्षक मुलांसाठी मोकळे असतील हे ठरवून जाहीर करा. शाळेच्या सखी सावित्री समितीच्या (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) सदस्यांना कल्पना द्या. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हे क्रमांक त्या दिवशी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहा. काही त्रास सोसायचे नसतात, मोठ्यांना सांगून थांबवायचे असतात, हे वाक्य मुलाखतीत एकदा यायलाच हवं. पाहुणे कितीही आदरणीय असले तरी कोणतंही मूल त्यांच्यासोबत एकटं ठेवू नका. फोन नंबर आणि इन्स्टाग्रामची देवाणघेवाण नको. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे तर पालकांची परवानगी आधी.

नंतरचे तीन आठवडे तुमच्या हातात आहेत आणि बहुतेक शाळा नेमक्या तेच सोडून देतात. दुसऱ्याच दिवशी एक तासिका घ्या. प्रत्येक मुलानं स्वतःची एक अडलेली गोष्ट निवडायची, लहान आणि नेमकी. 'इंग्रजी सुधारायचं' चालणार नाही, 'इंग्रजीचा धडा मोठ्यानं वाचताना अडखळतो' चालेल. मग जर-तरचं एक वाक्य लिहायचं. उदाहरणार्थ, 'जर गणितात दहा मिनिटं अडलो, तर कोणती पायरी कळली नाही ते वहीत लिहीन आणि मधल्या सुट्टीत विचारीन.' असं वाक्य का लागतं? अडचण आली त्या क्षणी मूल चिडलेलं असतं, तेव्हा नवा विचार सुचत नाही. आधी ठरवलेली कृती मात्र आठवते. खेळाडूही स्पर्धेआधी असंच करतात, सुरुवात चुकली तर काय, पडलो तर काय, हे त्यांचं ठरलेलं असतं. मग तीन सोमवार, परिपाठात पाच मिनिटं, दोन-तीन मुलांनी आपलं वाक्य वापरलं का ते सांगायचं. नाही वापरलं असं सांगणाऱ्यालाही तितकंच नीट ऐकून घ्यायचं आणि वाक्य बदलायला मदत करायची.

उपयोग झाला की नाही हे बघायला 'कार्यक्रम आवडला का' असा कागद वाटू नका, सगळे हो म्हणतात. चुकीची उदाहरणं दुरुस्त करून किती वह्या परत आल्या, शंका विचारायला स्वतःहून किती मुलं आली, हे वर्गशिक्षकांनी आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे मोजावं. थोडा फरक दिसला तरी समाधान माना. एका सकाळीनं मुलं बदलत नाहीत, शाळेला त्या सकाळीचा धागा पुढे न्यावा लागतो.

मानधनाचं सरळ विचारा: 'आम्ही प्रवास आणि राहण्याचा खर्च देऊ, मानधन किती अपेक्षित आहे?' काही खेळाडू शाळेकडून काही घेत नाहीत, काहींचं घर यावर चालतं, दोन्ही योग्य आहे. प्रवासखर्च मात्र त्यांनी मागण्याआधी द्या, आणि पावतीसाठी ताटकळत ठेवू नका. स्मृतिचिन्हाच्या पैशांत सोळा चेंडू आणि बादल्या येतात, पाहुण्यांना मुलांची निवडक पत्रं द्या.

स्पर्धेची तारीख बदलली किंवा दुखापत झाली म्हणून त्या आल्याच नाहीत, असंही होऊ शकतं. त्यासाठी फोनवरच्या त्या बोलण्यातली पंधरा मिनिटं त्यांच्या परवानगीनं रेकॉर्ड करून ठेवा. ती ऐकवून स्थानिक खेळाडूसोबत तोच कार्यक्रम, तीच चेंडू-बादली, तीच जर-तरची तासिका घेता येते. न येण्याचं कारण मुलांना खरं सांगा. दुखापत असेल तर मुलांनी पत्रातून विचारावं, आता पुढचे सहा आठवडे तुम्ही काय करणार आहात? त्याचं उत्तर आलं की ते परिपाठात वाचा.